विद्युत् रोध व शक्ती यांचे आगणन

विद्युत् मंडलाच्या एखाद्या भागाच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब (व्होल्टता) आणि त्या भागातून वाहणारा विद्युत् प्रवाह या दोन राशी मापून त्यांवरून त्या भागाचा रोध व त्यात खर्च होणारी शक्ती काढण्याच्या रीतीला हे नाव देतात. दाबाला प्रवाहाने भागले असता रोध मिळतो आणि दाबाला प्रवाहाने गुणले असता शक्ती मिळते. गणित एवढेच असले, तरी भागाकार व गुणाकार करण्यापूर्वी दाब कोणत्या दोन बिंदूंमध्ये मापला आहे व प्रवाह कोणत्या वस्तूतून जात आहे, हे ठरवावे लागते. त्यात गफलत झाल्यास उत्तर चुकते, इतकेच नव्हे तर यंत्र जळणे, विजेचा अपव्यय होणे किंवा माणूस दगावणे यांसारखे परिणाम संभवतात. या नोंदीत मूळ नियम सांगून ते विहिरीवरील शेतपंपाच्या मंडलाला कसे लागू पडतात, हे बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर परिसरासारख्या कोरडवाहू व विहीर-बागायती भागाच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

राशी व एकके : विद्युत् भार ज्या त्वरेने वाहतो तिला प्रवाह म्हणतात व तो अँपिअर या एककात मोजतात. एकक विद्युत् भार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना जितके कार्य होते, तितका त्या दोन बिंदूंमधील दाब असतो. त्याचे एकक व्होल्ट होय. १ व्होल्ट दाबाखाली ज्या संवाहकातून १ अँपिअर प्रवाह वाहतो, त्याचा रोध १ ओहम असतो आणि त्यात दर सेकंदाला १ जूल ऊर्जा, म्हणजे १ वॉट शक्ती, खर्च होते. १,००० वॉट म्हणजे १ किलोवॉट होय. १ किलोवॉट शक्ती तासभर वापरली असता १ किलोवॉट-तास ऊर्जा खर्च होते. वीजबिलातील ‘युनिट’ ते हेच.

२० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्या इलेक्ट्रॉनाच्या विद्युत् भाराचे निश्चित केलेले मूल्य पायाभूत धरून केली जाते. ओहम हे एकक प्रयोगशाळेत साकार करण्यासाठी क्लाउस फोन क्लिट्सिंग यांनी १९८० मध्ये शोधलेल्या पुंज हॉल परिणामाचा उपयोग करतात. त्यात सु. २५,८१२·८०७ ओहम हे रोधाचे मूल्य पदार्थाच्या आकारमानावर किंवा शुद्धतेवर अवलंबून न राहता मिळते. या शोधाबद्दल त्यांना १९८५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ओहम नियम : तापमान व इतर भौतिक परिस्थिती कायम असताना धातूच्या संवाहकातून वाहणारा प्रवाह त्याच्या टोकांमधील दाबाच्या सम प्रमाणात असतो. दाब ‘व’, प्रवाह ‘प’ व रोध ‘र’ या अक्षरांनी दर्शविल्यास

व = प × र, म्हणून र = व ÷ प.

हा नियम जर्मन भौतिकीविज्ञ गेओर्ग झीमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. त्या काळच्या विद्युत् घटांचा दाब स्थिर राहत नसे, म्हणून त्यांनी प्रयोगांसाठी तांबे व बिस्मथ यांचे तपयुग्म वापरले. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवल्याने दाब कायम राहिला आणि तारेची लांबी बदलली असता प्रवाह कसा बदलतो, हे निःसंदिग्धपणे पाहता आले. हेन्री कॅव्हेंडिश (१७३१–१८१०) यांना तत्पूर्वीच असाच संबंध आढळला होता. परंतु त्यांची टिपणे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध करेपर्यंत ती अज्ञात राहिली.

संवाहकाचा रोध त्याच्या लांबीच्या सम प्रमाणात व छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १ मी. लांब व १ चौ. मिमी. छेदाच्या तारेचा २०° से. तापमानाचा रोध तांब्यासाठी सु. ०·०१७२ ओहम व ॲल्युमिनियमासाठी सु. ०·०२८२ ओहम असतो. यावरून ३० चौ. मिमी. छेदाच्या १ किमी. लांब ॲल्युमिनियम तारेचा रोध (०·०२८२ × १,०००) ÷ ३० = ०·९४ ओहम येतो.

शक्तीची सूत्रे : शक्ती ‘श’ या अक्षराने दर्शविल्यास श = व × प. ओहम नियमाचा उपयोग करून हेच सूत्र आणखी दोन रूपांत लिहिता येते :

श = प × प × र आणि श = (व × व) ÷ र.

यांपैकी पहिले रूप जूल नियमाशी जुळते. संवाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे जेम्स प्रेस्कॉट जूल (१८१८–८९) यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. तिन्ही सूत्रे सममूल्य असली, तरी त्यांचा वापर विवेकाने करावा लागतो. दाब कायम असणाऱ्या पुरवठ्यावर रोध कमी केला की शक्ती वाढते, हे दुसऱ्या रूपावरून दिसते. तर प्रवाह ठरलेला असताना रोध कमी केला की शक्ती घटते, हे पहिल्या रूपावरून दिसते. पाणी तापविण्याच्या उपकरणाला पहिली स्थिती लागू पडते व पुरवठ्याच्या तारेला दुसरी. वरवर विसंगत वाटणाऱ्या या विधानांतील भेद केवळ कोणती राशी स्थिर आहे, यातून उद्‌भवतो.

उदा., २३० व्होल्टला १,००० वॉट शक्ती घेणाऱ्या तापकातून १,००० ÷ २३० = ४·३५ अँपिअर प्रवाह वाहतो व त्याचा रोध २३० ÷ ४·३५ = ५२·९ ओहम असतो. दाब १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास शक्ती (१८० × १८०) ÷ ५२·९ = ६१२ वॉट इतकीच राहते. दाब सु. २२ टक्के घटला असता शक्ती सु. ३९ टक्के घटते. पाणी उशिरा तापते, पण तापकाला इजा होत नाही.

मापन : प्रवाहमापक (अँमीटर) मंडलात एकसरीत, म्हणजे सर्व प्रवाह त्यातून जाईल असा, जोडतात, दाबमापक (व्होल्टमीटर) ज्या भागाचा रोध काढावयाचा त्याच्या दोन टोकांना समांतर जोडतात. एखाद्या वेटोळ्याच्या टोकांमध्ये एकदिश दाब ६ व्होल्ट व त्यातील प्रवाह १·५ अँपिअर आढळल्यास त्याचा रोध ४ ओहम व त्यात खर्च होणारी शक्ती ९ वॉट असते. मापकांना स्वतःचा रोध असल्याने थोडी त्रुटी येते. मापावयाचा रोध अल्प असल्यास दाबमापक थेट त्याच्याच टोकांना जोडावा, म्हणजे जोडतारांचा व प्रवाहमापकाचा रोध हिशेबात येत नाही. रोध फार मोठा असल्यास प्रवाहमापक त्याच्या लगत असा जोडावा की, दाबमापकातून जाणारा प्रवाह त्यात मोजला जाणार नाही. दोन्ही वाचनांत प्रत्येकी २ टक्के त्रुटी असेल, तर रोध व शक्ती या दोहोंच्या उत्तरांत ४ टक्क्यांपर्यंत त्रुटी संभवते. तार न तोडता तिच्याभोवती जबडा अडकवून प्रवाह मापणारे चिमटा-मापक (क्लॅम्प मीटर) क्षेत्रीय कामात सोयीचे ठरतात.

नियमाच्या मर्यादा : धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो. २३० व्होल्टच्या ६० वॉटी टंगस्टन दिव्याचा रोध तो पेटलेला असताना सु. ८८२ ओहम असतो. थंड असताना तोच रोध त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. म्हणून थंड दिव्याचा रोध मापून त्यावरून त्याची शक्ती काढल्यास उत्तर कित्येक पटींनी चुकते. प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाचे (एलईडी) दिवे, विद्युत् घट व अर्धसंवाहक साधने यांना ओहम नियम सरळ लागू पडत नाही. मात्र दाब व प्रवाह यांचा कोणत्याही क्षणीचा गुणाकार म्हणजे त्या क्षणीची शक्ती, हे विधान सर्वत्र खरे असते.

तापमानाबरोबर रोध बदलण्याचा उपयोगही होतो. विद्युत् चलित्राच्या (मोटरीच्या) आतील तांब्याच्या गुंडाळीपर्यंत तापमापक पोचविणे कठीण असते. पण तिचा रोध बाहेरून मापता येतो. तांब्याचा रोध (२३४·५ + सेल्सिअस तापमान) या राशीच्या प्रमाणात असतो. ३०° से. ला ४ ओहम असणारा गुंडाळीचा रोध चलित्र काही तास चालवून थांबविल्याबरोबर ४·८ ओहम भरला, तर २६४·५ × १·२ = ३१७·४ या आकड्यावरून गुंडाळीचे सरासरी तापमान सु. ८३° से. झाले, असे निघते.

प्रत्यावर्ती प्रवाह व शक्तिगुणक : घरगुती व शेतीच्या पुरवठ्यातील प्रवाह प्रत्यावर्ती (उलट सुलट दिशेने वाहणारा) असतो, भारतात त्याची कंप्रता सेकंदाला ५० आवर्तने असते. तापकासारख्या केवळ रोध असणाऱ्या साधनात दाब व प्रवाह एकाच वेळी कमाल व शून्य होतात व वरील सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात. चलित्रात मात्र गुंडाळ्यांच्या प्रवर्तकत्वामुळे प्रवाह दाबाच्या मागे पडतो. त्यामुळे दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराला शक्तिगुणक या एकाहून लहान संख्येने गुणल्यावर खरी शक्ती मिळते. त्रिकला (थ्री फेज) पुरवठ्यात

श = १·७३२ × दोन तारांमधील दाब × एका तारेतील प्रवाह × शक्तिगुणक.

चालत्या चलित्राच्या दाबाला प्रवाहाने भागून येणारी संख्या गुंडाळीचा रोध नसते. फिरणाऱ्या चलित्रात पुरवठ्याला विरोध करणारा दाब निर्माण होत असतो व तोच प्रवाहाला मुख्यतः आवर घालतो. चलित्र अडकून थांबले की हा विरोध नाहीसा होतो आणि प्रवाह नेहमीच्या पाच ते सात पट होतो. दाब कमी झाला की प्रवाहही कमी होईल, ही ओहम नियमावरून केलेली समजूत चलित्राच्या बाबतीत धोक्याची ठरते, ती याच कारणामुळे.

शेतपंपाचे उदाहरण : अमडापूर हे चिखली तालुक्यातील गाव चिखली–खामगाव मार्गावर आहे. परिसराचा खडक दक्षिण ट्रॅपचा, म्हणजे बेसाल्ट आहे. रबीच्या गहू-हरभऱ्याला व भाजीपाल्याला पाणी मुख्यतः विहिरींतून मिळते. विहिरी एकमेकींपासून दूर विखुरलेल्या असतात आणि रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून), म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातील ‘डीपी’पासून, त्यांच्यापर्यंत अल्पदाबाच्या तारा न्याव्या लागतात. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट वाहिनीचे नसून अशा ठिकाणची नमुनेदार स्थिती दाखविण्यासाठी घेतलेले आहेत.

५ अश्वशक्तीच्या चलित्राची यांत्रिक शक्ती ५ × ७४६ = ३,७३० वॉट असते. कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास त्याला सु. ४,६६० वॉट विद्युत् शक्ती लागते. शक्तिगुणक ०·८ व दाब ४१५ व्होल्ट असताना प्रत्येक तारेतील प्रवाह ४,६६० ÷ (१·७३२ × ४१५ × ०·८) = ८·१ अँपिअर येतो. पंपाला पाणी तितक्याच उंचीवर चढवावयाचे असल्याने चलित्र जवळजवळ तितकीच शक्ती मागत राहते. दाब उतरला की ते प्रवाह वाढवून ती मिळविते. ३२० व्होल्टला हा प्रवाह १०·५ अँपिअर होतो. गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती सु. ६८ टक्के वाढते. (दाब उतरल्यावर पंपाची गती किंचित मंदावते व शक्तिगुणकही बदलतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे निराळे येतात, परंतु परिणामाची दिशा बदलत नाही.) तारेवरील रोगणाचे निरोधन या उष्णतेने हळूहळू करपते आणि शेवटी वेटोळी एकमेकांना चिकटून गुंडाळी जळते. तसेच चलित्र सुरू होतानाची परिपीडन प्रेरणा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३२० व्होल्टला ती सु. ५९ टक्केच उरते. त्यामुळे चलित्र गती न घेता नुसते गुणगुणत राहिल्यास काही मिनिटांतच जळू शकते.

दाब उतरण्याचे कारण पुष्कळदा तारेच्या रोधातच सापडते. वर काढलेल्या ०·९४ ओहम रोधाच्या १ किमी. लांब तारांच्या टोकाला असे चार पंप आहेत व रोहित्रापाशी ४१५ व्होल्ट दाब आहे, असे मानू. चार पंपांचा प्रवाह ३२·४ अँपिअर धरल्यास तारांमधील दाबातील घट १·७३२ × ३२·४ × ०·९४ = ५३ व्होल्ट होते व पंपापाशी ३६२ व्होल्ट उरतात. परंतु इतक्या दाबाला प्रत्येक चलित्र अधिक प्रवाह घेते. त्यामुळे घट वाढते, दाब आणखी उतरतो व प्रवाह पुन्हा वाढतो. हे आगणन पुनःपुन्हा केले असता दाब ३५३ व्होल्टला स्थिरावतो. (प्रत्यावर्ती मंडलात तारेचे प्रवर्तकत्व व शक्तिगुणक यांचाही दाबातील घटीत वाटा असतो, येथे घेतलेल्या तारेसाठी त्यांचा एकत्रित परिणाम केवळ रोध धरून येणाऱ्या घटीएवढाच असल्याने आगणन सोपे ठेवले आहे.) पंपांच्या संख्येप्रमाणे मिळणारी उत्तरे कोष्टकात दिली आहेत.

कोष्टक : एकाच वाहिनीवरील पंपांची संख्या व तिचे परिणाम

| एकाच वेळी चालणारे पंप | टोकाचा दाब (व्होल्ट) | प्रत्येक चलित्राचा प्रवाह (अँपिअर) | तारांतील एकूण प्रवाह (अँपिअर) | तारांत वाया जाणारी शक्ती (किलोवॉट) |
|---|---|---|---|---|
| २ | ३८७ | ८·७ | १७·४ | ०·९ |
| ३ | ३७१ | ९·१ | २७·२ | २·१ |
| ४ | ३५३ | ९·५ | ३८·१ | ४·१ |
| ६ | ३०८ | १०·९ | ६५·५ | १२·१ |
| ७ | २७६ | १२·२ | ८५·४ | २०·६ |

सहा पंपांना मिळून २८ किलोवॉट शक्ती लागते व तारांमध्ये १२ किलोवॉट उष्णतेच्या रूपाने नाहीशी होते. म्हणजे रोहित्रातून निघालेल्या शक्तीपैकी जवळजवळ तीन-दशांश भाग शेतापर्यंत पोचतच नाही. आठवा पंप जोडल्यास या समीकरणाला सत्य उकलच उरत नाही. याचा भौतिक अर्थ असा की, तितकी शक्ती त्या तारांमधून कोणत्याही दाबाला पोचविता येणार नाही. दाब कोसळतो आणि एक वा अनेक चलित्रे थांबतात. भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांत अल्पदाबासाठी घातलेली ६ टक्के फरकाची मर्यादा ४१५ व्होल्टला लावल्यास दाब ३९० व्होल्टच्या खाली जाता कामा नये. कोष्टकातील वाहिनी दोन पंपांनाही ही मर्यादा पाळू शकत नाही.

रोहित्रापाशी दाब मापला असता तो बरोबर भरतो व विहिरीपाशी मापला असता कमी भरतो, यात विरोध नाही. दोन्ही वाचने खरी असून त्यांतील फरक म्हणजे तारेच्या रोधाने घेतलेला दाब होय. म्हणून चलित्र जळण्याच्या कारणाचा शोध घेताना, ते चालू असताना व शेजारचे पंपही चालू असताना, त्याच्याच अग्रांपाशी दाब व प्रवाह मापणे आवश्यक असते. पंप बंद असताना घेतलेल्या दाबाच्या वाचनाचा येथे उपयोग नसतो, कारण प्रवाह शून्य असल्यास तारेतील घटही शून्य असते.

उपाय : सूत्रांवरूनच उपाय सुचतात. (१) पाळी लावणे : शेतीच्या वाहिन्यांना त्रिकला पुरवठा दिवसातील ठराविक तासच मिळत असल्याने पुरवठा येताच सर्व पंप एकदम सुरू होण्याकडे कल असतो. स्वयंचलित प्रवर्तकांमुळे (ऑटो स्टार्टरमुळे) तर ते एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात व प्रारंभीच्या मोठ्या प्रवाहामुळे एकही नीट गती घेत नाही. सहा पंप एकत्र चार तास चालविल्यास तारांमध्ये सु. ४८ युनिट वाया जातात. तीन-तीन पंप आळीपाळीने चार-चार तास चालविल्यास सु. १७ युनिटच वाया जातात व चलित्रांना ३०८ ऐवजी ३७१ व्होल्ट मिळतात. विहिरीच्या पाण्याची पाळी लावण्याची रीत गावोगाव परिचित आहे. दाबाचीही तशीच पाळी लावता येते. (२) धारित्र (कपॅसिटर) : चलित्राला योग्य क्षमतेचे धारित्र समांतर जोडून शक्तिगुणक ०·८ वरून ०·९५ केल्यास ४१५ व्होल्टला तारेतील प्रवाह ८·१ वरून ६·८ अँपिअर होतो व तारेतील हानी सु. २९ टक्के घटते. (३) जाड तार : छेद दुप्पट केल्यास रोध निम्मा होतो. (४) अतिभार रिले व एककला-प्रतिबंधक : हे दाब सुधारत नाहीत, पण प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास किंवा तीनपैकी एक तार निकामी झाल्यास चलित्र बंद करून गुंडाळी वाचवितात. वितळतारेच्या (फ्यूजच्या) जागी जाड तार बसविल्याने हे संरक्षण नष्ट होते.

(५) उच्च दाबाने वितरण : सहा पंपांची २८ किलोवॉट शक्ती ११,००० व्होल्टला नेल्यास तारेतील प्रवाह केवळ १·८ अँपिअर असतो आणि त्याच ०·९४ ओहम रोधाच्या तारांमधील हानी १२ किलोवॉटवरून सु. साडेनऊ वॉटवर येते. यात विहिरीजवळ बसविलेल्या लहान रोहित्रांची स्वतःची हानी मिळवावी लागते, तरीही बचत मोठी राहते. महाराष्ट्रात २०१८ पासून शेतपंपांच्या प्रलंबित जोडण्यांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली राबविण्यात आली. तीत एक किंवा दोन शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र लहान रोहित्र देतात. सौर पंपात वीज विहिरीपाशीच निर्माण होत असल्याने लांब तारेचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

याच तत्त्वावर दूरवरचे शक्तिप्रेषण आधारलेले आहे. खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना १९१५ मध्ये वीज पोचू लागली, ती उच्च दाबामुळेच. विदर्भातील चंद्रपूर व ठाणे जिल्ह्यातील पडघे यांना जोडणारी एकदिश प्रवाहाची वाहिनी एका तारेवर अधिक ५ लाख व दुसरीवर उणे ५ लाख व्होल्ट दाब ठेवून १,५०० मेगॅवॉट शक्ती नेण्यासाठी बांधलेली आहे. दोन तारांमधील दाब १० लाख व्होल्ट असल्याने १५० कोटी वॉट ÷ १० लाख व्होल्ट = १,५०० अँपिअर इतका प्रवाह पुरतो. कोष्टकातील सात पंपांच्या वाहिनीतील प्रवाहाच्या अठरापटीहून तो कमी आहे, तर त्याने वाहून नेलेली शक्ती सु. ४६,००० पट आहे.

भूसंपर्कन व सुरक्षितता : चलित्राच्या लोखंडी सांगाड्याला गुंडाळीचा स्पर्श झाल्यास प्रवाह सांगाड्याच्या भूसंपर्कातून (अर्थिंगमधून) जमिनीत व तेथून रोहित्राच्या भूसंपर्कात जातो. एका कलेचा दाब २४० व्होल्ट, रोहित्राच्या भूसंपर्काचा रोध ४ ओहम व पंपाच्या भूसंपर्काचा २० ओहम असल्यास प्रवाह २४० ÷ २४ = १० अँपिअर होतो. इतक्या प्रवाहाने १५ अँपिअरची वितळतार वितळत नाही आणि सांगाड्यावर १० × २० = २०० व्होल्ट दाब टिकून राहतो. ओल्या हातापायांनी सांगाड्याला स्पर्श करणाऱ्या माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरल्यास त्यातून ०·२ अँपिअर प्रवाह जातो. हा प्रवाह प्राणघातक असतो. माणसाच्या संरक्षणासाठी वापरण्यात येणारे गळतीप्रवाह-खंडक ०·०३ अँपिअरलाच मंडल तोडतात. पंपाच्या भूसंपर्काचा रोध २ ओहम ठेवल्यास प्रवाह २४० ÷ ६ = ४० अँपिअर होऊन वितळतार त्वरित वितळते. काळी माती ओली असताना चांगली संवाहक असते. उन्हाळ्यात ती वाळून भेगाळली की भूसंपर्काचा रोध बराच वाढतो. म्हणून भूसंपर्काच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरतात व उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात. भूसंपर्काचा रोध कोरड्या ऋतूत मापणे इष्ट असते.

भूजलशोधातील उपयोग : दाब व प्रवाह यांच्या भागाकाराचा उपयोग विहिरीची जागा ठरवितानाही होतो. फ्रँक वेन्नर यांनी १९१५ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत चार खुंट्या सारख्या अंतरावर एका रेषेत जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात व आतल्या दोहोंमधील दाब मापतात. जमिनीची भासमान रोधकता = २ × ३·१४१६ × अंतर × (व ÷ प) या सूत्राने मिळते. खुंट्यांमधील अंतर १० मी., प्रवाह ०·१ अँपिअर व दाब ०·०५ व्होल्ट असल्यास ती सु. ३१ ओहम-मीटर येते. अंतर वाढवीत गेल्यास अधिक खोलीवरील थरांचा प्रभाव वाचनांत उतरतो. झिजलेल्या, भेगाळ व पाणी धरलेल्या बेसाल्टाची रोधकता काही दशके ओहम-मीटर, तर अखंड कठीण बेसाल्टाची शेकडो ओहम-मीटर वा अधिक असते. या फरकावरून पाणी धरणाऱ्या थराची खोली व जाडी यांचा अंदाज बांधतात. चिकणमाती व खारे पाणी यांचीही रोधकता अल्प असल्याने केवळ या आकड्यावर विसंबून न राहता जवळच्या विहिरींतील थर व पाण्याची पातळी यांच्याशी तो पडताळून पाहणे आवश्यक असते.